लाईट आली आणि डिस्क गेली

नसरापुरात लाईट किती वेळा गेली याचा हिशोब सबस्टेशनच्या रजिस्टरात असेल, तसा तो माझ्या दुकानाच्या माळ्यावरही आहे. तिथं दुधाच्या जुन्या क्रेटमध्ये मेलेल्या आणि अर्धमेल्या हार्ड डिस्क पडल्यात. क्वांटम, मॅक्स्टर, सॅमसंग, सीगेट, वेस्टर्न डिजिटल. यातला क्वांटमचा डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्स्टरकडे गेला, मॅक्स्टर २००६ मध्ये सीगेटकडे, सॅमसंगनंही २०११ मध्ये डिस्कचा धंदा सीगेटलाच विकला. कंपन्या गेल्या, डिस्क माझ्या माळ्यावर राहिल्या.

१९९५ च्या आसपास डिस्कमध्ये स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवायची सोय आली. तिला स्मार्ट म्हणतात. त्यात १२ नंबरला डिस्क एकूण किती वेळा चालू झाली ते असतं. १९२ नंबरला असतं ते जास्त मोलाचं: न सांगता वीज तुटली म्हणून डिस्कला आपलं हेड घाईघाईनं मागं घ्यावं लागलं, असं किती वेळा झालं. मशीन नीट शट डाऊन करून पुन्हा चालू केलं की १२ चा आकडा वाढतो, १९२ चा जागेवर राहतो. पुण्यातल्या एखाद्या ऑफिसातून सेकंडहँड आलेली डिस्क तपासली तर १९२ समोर किरकोळ आकडा दिसतो. २००५ ते २०१० या काळात चेलाडी फाट्यापासून वेल्ह्यापर्यंत आमच्या भागात कुठंही राबलेली डिस्क लावा, दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून चाललेले दिसतात. म्हणजे ती बिचारी झोपली ती बहुतेक वेळा दणका खाऊनच.

गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच सांगतं, "सर, लाईट गेली आणि मशीन बंद पडलं." (पूर्वी मी संगणकाचा क्लास चालवायचो, म्हणून सगळ्यांचा सर.) मी उलट एकच विचारतो, लाईट गेली तेव्हा बंद पडलं की परत आली तेव्हा? बहुतेकांची गाडी तिथंच अडते. मग आठवून आठवून निघतं ते असं, की लाईट गेली, मशीन बंद झालं, दोन तासांनी लाईट आली, मशीन सुरू व्हायला लागलं, लाईट पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. इतक्या वर्षांच्या धंद्यातून माझं मत पक्कं झालंय ते हे, की लाईट गेल्यानं फाईल जाते आणि लाईट आल्यानं डिस्क जाते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींना "लाईट गेली" म्हणून एकाच गोणीत भरल्यामुळं आपल्या भागात कैक चांगल्या डिस्क भंगारात गेल्या.

मी हार्डवेअर शिकलो पुण्यात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. स्वारगेटहून भोरची एसटी धरून रात्री घरी. क्लासमध्ये हाताळायला जुनं एक्सटी मशीन होतं, त्यात सव्वापाच इंची, वीस एमबीची डिस्क. आमच्या मास्तरांची पहिली शिस्त म्हणजे मशीन बंद करण्याआधी 'पार्क' टाईप करून एंटर मारायचं. त्या डिस्कचं हेड स्टेपर मोटरवर चालायचं. वीज गेली की हेड जिथं असेल तिथंच थांबायचं, आणि तबकडी मंदावली की तिथंच, थेट डेटावर टेकायचं. म्हणून आधी त्याला रिकाम्या जागेवर नेऊन ठेवायचं. लाईटच गेली तर पार्क टाईप कोण करणार, असं मी विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "ते यंत्र अमेरिकेत बनलंय. तिथं लाईट जात नाही असं त्यांना वाटतं."

मास्तरांचा टोमणा अगदीच पोकळ नव्हता. आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळं मिळून साठवण पाच एमबीच्या आसपास. अशी यंत्रं स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र वीजव्यवस्थेवर, त्यांच्यासाठी नेमलेल्या माणसांच्या देखरेखीखाली राहायची. १९८० मध्ये सीगेटनं तेवढेच पाच एमबी सव्वापाच इंचाच्या डब्यात बसवले आणि डिस्क टेबलावर आली. टेबलावर आली ती खोलीची सगळी बडदास्त मागं टाकून. तिथून पुढं ती कुठल्या प्लगला लागेल यावर बनवणाऱ्याचा ताबा राहिला नाही. आमच्याकडं ती लागली ती थ्री-पिनचा तिसरा पिन कापून टू-पिन सॉकेटात घुसवलेल्या प्लगला.

पार्कची भानगड पुढच्या पिढीतल्या डिस्कनं मोडीत काढली, आणि ती युक्ती मला अजून आवडते. या डिस्कचं हेड स्टेपर मोटरऐवजी लोहचुंबकात झुलणाऱ्या कॉईलवर चालतं. वीज तुटली तरी तबकड्या काही क्षण आपल्या वेगानं फिरतच असतात. सायकलचं चाक फिरलं की डायनामो दिवा पेटवतो, तशी ती फिरणारी मोटरच तेवढ्यापुरती वीज तयार करते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी खेचलं जातं. म्हणजे डिस्क मरता मरता स्वतःच्या फिरण्यावर स्वतःला वाचवते. १९२ नंबरला जी नोंद होते ती याच झटापटीची. एक-दोनदा याचं काही वाटत नाही. रोज पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षं हे होईल, असा हिशोब डिस्क बनवणाऱ्यांपैकी कुणी धरला असेल असं मला वाटत नाही.

नसरापूर हे बाजाराचं गाव. बनेश्वरच्या देवळामुळं आणि शिवगंगा नदीमुळं बाहेरच्यांना माहीत, पण आसपासच्या वाड्यावस्त्यांना ते कळतं ते बँका, पतसंस्था, दूध, खतं-बियाणं आणि दवाखान्यांमुळं. आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे अशा सगळ्या रस्त्याची माणसं इथं उतरतात. वेल्हे तालुका आता सरकारदरबारी राजगड झालाय, पण गिऱ्हाईक अजून "वेल्ह्यावरनं आलोय" असंच म्हणतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुकान टाकलं तेव्हा इथं संगणक म्हणजे पतसंस्थांचं काम. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर, आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि शेजारी जुनी खतावणी सुरूच. ती खतावणी बंद करायला जुने क्लार्क राजी नसत. त्यांना मागासलेले म्हणून हसणारे आम्ही पोरं होतो. पण लाईट गेलेल्या दिवशी व्यवहार त्याच वहीवर चालायचा, आणि हरवलेली नोंद शोधायला मीही शेवटी तीच वही उघडायचो.

त्या काळचं नेहमीचं दुखणं जरा उलगडून सांगतो, कारण ते आता कुणाला बघायलाही मिळणार नाही. एका पतसंस्थेत संध्याकाळी पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवींचा, भरणा चढवत असताना लाईट गेली. दुसऱ्या दिवशी फाईल उघडेना. फॉक्सप्रो म्हणे, ही डेटाबेस फाईलच नाही. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. खरं दुखणं मात्र फार बारीक असतं. अशा फाईलच्या अगदी सुरुवातीला एक माथा असतो आणि त्यातल्या पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये एकूण किती नोंदी आहेत तो आकडा लिहिलेला असतो. नवी नोंद फाईलच्या शेपटीला जोडली जाते, आकडा माथ्यात बदलावा लागतो. या दोन कामांच्या मधल्या क्षणात वीज गेली की माथा एक सांगतो आणि शेपटी दुसरं. मग नॉर्टनच्या डिस्कएडिटमध्ये फाईल कच्च्या आकड्यांत उघडायची. फाईलच्या लांबीतून माथ्याची लांबी वजा करायची, उरलेल्याला एका नोंदीच्या लांबीनं भागायचं, येईल तो आकडा हेक्स आकड्यांत, उलट्या क्रमानं त्या चार बाइटांत लिहायचा. फाईल उघडते. शेवटच्या दोन-तीन नोंदी नसल्या तर विंडोज ९८ च्या स्कॅनडिस्कनं तयार केलेल्या सीएचके नावाच्या अनाथ फाईली चाळायच्या. फॅट पद्धतीत फाईलची नवी लांबी लिहिली जायच्या आत वीज गेली, तर डेटा डिस्कवर असतो पण कुणाचाच नसतो. स्कॅनडिस्क त्याला गोळा करून ठेवतं. त्या कचऱ्यात मला खातेदारांची नावं सापडायची, रकमेसकट. ती पिग्मी एजंटच्या डायरीशी ताडून बघायची, की झालं.

हे सगळं लाईट जाण्याचं दुखणं. यात डिस्कला धक्काही लागलेला नसे. पण त्या निळ्या पडद्यावर "तुम्ही विंडोज नीट बंद केलं नाही" अशी तंबी आली की लोक घाबरून स्कॅनडिस्क मध्येच बंद करायचे आणि पुढच्या महिन्यात नवी डिस्क घ्यायचे. विक्री माझीच व्हायची, म्हणून मी फार बोलू नये.

लोडशेडिंगचा खरा काळ सुरू झाला तो २००१ नंतर. दाभोळचा वीजप्रकल्प त्या वर्षी बंद पडला. राज्याची मागणी वाढत होती, नवी वीज येत नव्हती. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. नसरापुरात लोक अजून एमएसईबीच म्हणतात. पुढची काही वर्षं राज्याचा तुटवडा चार-पाच हजार मेगावॅटच्या घरात होता. भोरला भाटघरचं धरण आहे, १९२८ चं, त्याच्या पायथ्याला वीजघर आहे. धरण आमचं, वीजघर आमचं, अंधारही आमचाच, असं पारावर म्हणायचे लोक. पण ते वीजघर सोळा मेगावॅटचं. तुटवड्यापुढं सोळा मेगावॅट म्हणजे दर्या में खसखस.

लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. फीडरवरची गळती आणि थकबाकी बघून 'ए' पासून 'एफ' पर्यंत गट पाडलेले, ज्याचा गट खालचा त्याला अंधार जास्त. २००६ मध्ये पुणे शहरानं कारखान्यांच्या जनरेटरच्या विजेचा हिशोब जुळवून लोडशेडिंगमधून सुटका करून घेतली, तेच ते गाजलेलं 'पुणे मॉडेल'. कात्रजचा घाट ओलांडला की लाईट कायम, अलीकडं आलं की वेळापत्रक. अंतर फक्त पस्तीस-छत्तीस किलोमीटर. याचा माझ्या धंद्यावर एक चमत्कारिक परिणाम झाला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा तिथल्या सर्व्हिस सेंटरवर मी डिस्क घेऊन गेलो की तिथली पोरं म्हणायची, हे मॉडेल चांगलं आहे, आमच्याकडं याची तक्रार नाही. खरंच नसणार. तीच डिस्क, तोच महिना, तीच कंपनी. पण ती पोरं २००६ नंतर लाईट असलेल्या गावात शिकलेली होती. त्यांचं ज्ञान आणि माझं ज्ञान तिथून वेगळं झालं.

आता लाईट येते कशी ते बघा. लोडशेडिंगची वेळ संपते. तेवढ्या वेळात गावातल्या कुठल्याच बटणाला कुणी हात लावलेला नसतो. पिठाची गिरणी, दूध थंड करणारी यंत्रं, पाण्याच्या मोटारी, झाडून सगळे इन्व्हर्टर, सगळे एकाच सेकंदाला वीज ओढतात. व्होल्टेज आपटतं. ट्यूबलाईट फडफडतात. ओढ न सोसून फीडर ट्रिप होतो. सबस्टेशनवरचा माणूस पुन्हा चढवतो. पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदा टिकतो. कधी डीपीवरचा फ्यूज जातो आणि वायरमन येऊन तार घालेपर्यंत एकाच फेजवर गाव लटकतं. शेतीच्या फीडरवर थ्री फेज नसलेल्या वेळीही कपॅसिटर लावून मोटारी ओढायचे लोक, त्यानं व्होल्टेज आणखी बसायचं. या सगळ्यात डिस्कचं काय होतं? तबकडीला पूर्ण वेग घ्यायला काही सेकंद लागतात. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगतं, आणि तो थर वेगातून तयार होतो. वेग अर्ध्यावर असताना वीज तुटली, आली, तुटली, आली, की प्रत्येक वेळी चढण नव्यानं. मोटर चालवणाऱ्या चिपवर सगळ्यात जास्त ताण याच चढणीत येतो. जुन्या बोर्डवर ती चिप शोधायला भिंग लागायचं नाही, तिच्या डोक्यावर खड्डा पडलेला दिसायचा.

"यूपीएस होता की" हे गिऱ्हाईकाचं पुढचं वाक्य. होता. सहाशे व्हीएचा, आत बारा व्होल्ट सात अँपियरची बॅटरी. ती शहरातल्या पाच मिनिटांच्या खोळंब्यासाठी. आमच्याकडं आठ-आठ तास लाईट नाही, आली तर धड चार्ज व्हायला वेळ नाही, आणि लोक त्याच यूपीएसवर टेबल फॅन लावून बसणार. रिकामी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी आतून पांढरी पडत जाते, तिची ताकद वर्षभरात उतरते. वर हिरवा दिवा मात्र छान लागलेला असतो. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरू शकतो. आपल्या विजेचा एक फेरा वीस मिलिसेकंदांचा, म्हणजे तो तग एका फेऱ्याइतकाही नाही. यूपीएसनं तेवढ्यात बॅटरीवर यायचं असतं. मेलेली बॅटरी ते कुठून करणार?

सगळ्यात वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. डीपीपासून येणारी न्यूट्रलची तार गंजून किंवा झाडाची फांदी पडून तुटली की दोन फेजांच्या मध्ये घरं अडकतात. ज्या फेजवर भार कमी त्या घरात दोनशे तीसच्या जागी साडेतीनशेच्या पुढं व्होल्टेज चढू शकतं. बल्ब आधी पांढरेफटक पडतात आणि मग एकामागून एक उडतात. त्यात अर्थिंगही धड नाही. मीठ-कोळसा घालून खड्डा केला आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहिलं, अशी घरं हातावर मोजण्याइतकी. संगणकाच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हे लोक दोष न मानता संगणकाचा स्वभावच मानायचे.

अशा दिवसानंतर दुकानात येणाऱ्या मशीनची एक खूण ठरलेली. बटण दाबलं की पंखा अर्धा वळसा घेतो आणि थांबतो. गिऱ्हाईक आणि बरेचसे मेकॅनिकही म्हणतात, मदरबोर्ड गेला. मी डिस्कची पॉवरची पिन काढतो आणि बटण दाबतो. मशीन मजेत सुरू. पिन लावली की पुन्हा ठप्प. डिस्कच्या बोर्डवर, जिथं पिवळी बारा व्होल्टची आणि लाल पाच व्होल्टची वायर येते, तिथंच दोन चपटे काळे तुकडे असतात. हे टीव्हीएस डायोड. व्होल्टेज मर्यादेबाहेर चढलं की ते स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या सगळ्यांना वाचवतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकांना सुया टेकवायच्या. अखंड बीप वाजली, की हाच. सोल्डरिंग आयर्ननं एक टोक सोडवायचं, चिमट्यानं जरा उचलायचं, दुसरं टोक सोडवायचं. करपलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो. डायोड काढला की डिस्क उठते, जणू काही झालंच नाही. फक्त आता तिला कुणी रखवालदार नाही, म्हणून पहिल्या दमात सगळा डेटा दुसरीकडं उतरवायचा आणि मगच चहा मागवायचा. ज्यांना नवी डिस्क घ्यायला सांगून जुनी डेटासकट परत दिली गेली अशी माणसं मला भेटलीत, त्यांचा सगळा संसार त्या एवढ्याशा तुकड्यामागं अडकला होता.

चिपच फुटली असेल तर बोर्ड बदलायचा. जुन्या डिस्कला त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड चार स्क्रूंत बसायचा आणि चालायचा. माळ्यावरचे क्रेट त्यासाठीच जमले. साधारण २००५ नंतरच्या डिस्कमध्ये प्रत्येकीची स्वतःची मोजमापं बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतात. बोर्ड बदलायचा तर ती चिपही उपटून इकडून तिकडं लावावी लागते. हात स्थिर हवा. आणि बोर्ड उलटा केलाच आहात तर हेडला जोडणारे ते सोनेरी-राखाडी ठिपके शाळेच्या खोडरबरानं पुसून घ्या. शिवगंगेच्या कडेची दमट हवा त्यांच्यावर काळा थर चढवते. नुसत्या पुसण्यानं जिवंत झालेल्या डिस्कही मी बघितल्यात.

फ्रीजमध्ये डिस्क ठेवायचा एक उपाय मध्यंतरी फार बोकाळला होता. कॅरीबॅगमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी बाहेर काढली की आमच्या हवेत तिच्यावर दव धरतं, आतही धरतं, आणि त्यावर हेड चालवायचं म्हणजे मढ्याला मारण्यातला प्रकार. टकटक असा एकसारखा आवाज करणारी डिस्क मी उघडत नाही, पुन्हा पुन्हा चालूही करत नाही. ती स्वच्छ खोलीचं काम करणाऱ्यांकडं जायला हवी, आणि त्याचा खर्च ऐकून गिऱ्हाईक बहुधा म्हणतं, "राहू द्या सर, फोटोच होते."

ज्या डिस्क टकटक करत नाहीत पण अडखळतात, त्यांचं निम्मं दुखणं परत विजेचंच. एखादा सेक्टर लिहिता लिहिता वीज गेली की तो अर्धवट राहतो, त्याची खातरजमा जुळत नाही. डिस्क तो बाजूला संशयित म्हणून टाकते, स्मार्टमधली नोंद १९७. बाजारात याला सरसकट बॅड सेक्टर म्हणतात आणि डिस्क बाद ठरवतात. प्रत्यक्षात त्यावर पुन्हा एकदा नीट लिहिलं की बऱ्याचदा तो ठणठणीत निघतो. फक्त आधी प्रत काढून. त्यासाठी २००४ मध्ये आलेला जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकटचा प्रोग्रॅम म्हणजे आम्हाला वरदान. तो वाचता येईल तेवढं आधी वाचतो, अडेल ते नंतरसाठी ठेवतो, आणि कुठपर्यंत आलो हे एका फाईलीत लिहीत जातो. प्रत काढतानाच लोडशेडिंग सुरू झालं तर? लाईट आल्यावर जिथं थांबला तिथून पुढं. लिहिणारा स्पेनचा, पण त्याला आमची व्यथा कळली होती.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी आल्यावर संगणक घरोघरी शिरला. २०११ च्या सुमारास संग्राम योजनेमुळं ग्रामपंचायतीत. पण डेटा जाण्याचं खरं दुःख मी बघितलं ते लग्नांच्या फोटोग्राफरकडं. वैशाखात लग्नाची गर्दी आणि वळवाचा पाऊस एकाच वेळी येतात. विंझरकडचं लग्न आटोपून माणूस रात्री कार्ड कॉपीला लावतो, उद्या दुसरं लग्न म्हणून कार्ड लगेच रिकामं करतो, आणि विजा सुरू होतात. कॉपी झाली असं पडद्यावर दिसतं तेव्हा शेवटचा भाग बऱ्याचदा मेमरीतच असतो. पिग्मीचा भरणा वहीवरून परत चढवता येतो. अक्षता परत टाकता येत नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडमधून घाट चढून आलं. भोर-वेल्ह्यात झाडं तारांवर पडली, खांब आडवे झाले, काही वाड्या कित्येक दिवस अंधारात. मी धसका घेतला होता, आता ढीग लागणार. लागला नाही. लाईट इतकी लांबली की लोकांनी प्लगच काढून ठेवले होते, आणि आली तेव्हा मोबाईल चार्ज करण्यापलीकडं कुणाला काही सुचत नव्हतं. दिवसच्या दिवस गेलेली लाईट डिस्कला काही करत नाही. मारते ती मिनिटाला येणारी-जाणारी.

लोडशेडिंग २०१२ च्या अखेरीस संपल्याचं जाहीर झालं, बरंचसं संपलंही. लॅपटॉप आले, त्यांची बॅटरी म्हणजे पोटातला यूपीएस. मग फिरणारं काही नसलेल्या एसएसडी आल्या आणि लोक म्हणाले, आता सर भजी तळणार. २०१३ मध्ये अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी पंधरा एसएसडी मुद्दाम वीज तोडून तोडून तपासल्या, त्यातल्या तेरांनी काही ना काही गोंधळ घातला. एसएसडीत कुठला डेटा कुठल्या कप्प्यात आहे याचा नकाशा सतत बदलत असतो. तो लिहिताना वीज गेली आणि आत राखीव कपॅसिटर नसेल, तर डेटा जागेवर राहतो आणि नकाशा जातो. सर्व्हरच्या महागड्या एसएसडीत तसे कपॅसिटर असतात, आपण घेतो त्या स्वस्तात नसतात. एका जातीची चिप तर अशा धक्क्यानंतर कंपनीचं नाव टाकून स्वतःला 'सॅटाफर्म एस११' म्हणवायला लागते. आवाज नाही, वास नाही, बीप नाही. जुनी डिस्क निदान कुठं दुखतंय ते सांगायची.

फिरत्या डिस्कचं काम आता येतं ते हायवेवरच्या हॉटेलांतून आणि पंपांवरून, सीसीटीव्हीच्या डब्यांतलं. तो डबा चोवीस तास लिहीत असतो, त्याला शट डाऊन कुणी करत नाही, आणि तो बंद पडल्याचं कळतं ते चोरी झाल्यावर. परवा असाच एक, हॉटेलच्या गल्ल्यावरच्या काकांनी आणलेला, आला. पंखा अर्धा वळसा, ठप्प. मी डिस्कची पिन काढली, डबा सुरू झाला. डायोड काढला, रेकॉर्डिंग दिसलं. पुढच्या वेळेसाठी म्हणून गल्ल्यावरच्या काकांना विचारलं,

"काका, तुमच्या बिलाच्या मशीनचा तरी बॅकअप ठेवता ना?"

"ठेवलाय की. तुमच्याकडंच. मागं गेलेली डिस्क परत कुठं नेली आम्ही?"